झबरूचं सातवं वर्ष सरता सरेना

लौंगूचाचाने कुत्र्याचा ओठ वर केला, की त्या कुत्र्याचा मालक सबबी जुळवायला लागायचा. धौलाधारच्या खिंडीखाली जे शेवटचं गाव आहे, तिथे उन्हाळ्याच्या तोंडाला गद्दी मेंढपाळांचे कळप थांबत आणि वरच्या कुरणांकडे निघण्याआधी प्रत्येक कुत्रं चाचापुढे येई. चाचा आधी दात बघे. मग पाठीची कातडी चिमटीत धरून सोडे आणि ती किती आळसाने जागेवर जाते ते पाही. शेवटी तोंड उन्हाकडे फिरवून डोळ्यात निळसर धुरकटपणा शोधे.

"दहा वर्षं पुरी. हा खाली राहील."

"चाचा, दात पट्टा चावून झिजलेत हो!"

"मग पट्ट्यालाच ने वर."

संपलं! या निकालावर अपील नव्हतं. स्वतः चाचा मिशा काळ्या करायला अक्रोडाची साल लावायचा आणि आपलं वय साठावर जाऊ द्यायचा नाही, हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. पण कुत्र्यांच्या बाबतीत त्याचा शब्द तो शब्द. अडचण एकच. त्याचा स्वतःचा झबरू कित्येक उन्हाळे सातच वर्षांचा होता.

पुतण्याची बायको गिंदो तोंडाची तिखट. "मी नवरी होऊन आले तेव्हा हा माझे जोडे चावत होता. आता माझी पोर माझ्या खांद्याला लागली, आणि हा अजून सातच?"

"पोरी भराभर वाढतात," चाचा म्हणाला.

पण मागच्या उन्हाळ्यात बिबट्याने झबरूच्या नाकाखालून बकरी नेली होती, आणि झबरूने कानसुद्धा हलवला नव्हता. म्हणून या वर्षी पुतण्या भिखम आडवा आला. "चाचा, आज झबरूलाही बघ. सातचा असेल तर येऊ दे. नसेल आणि तरी नेणार असशील, तर आमचा कळप वेगळा."

बाकीचे चिलीम सोडून जवळ सरकले. असला तमाशा कोण चुकवतो?

चाचाने ओठ वर केला. सुळे बोथट, पुढचे दात मुळाशी आलेले. "पट्टा चावतो हा," चाचा म्हणाला.

हशाने मेंढरं बिचकली.

"आणि तोंड पांढरं?" भिखमने विचारलं.

"याचा बाप जन्मतःच तसला."

"आणि डोळ्यावर हा निळसर पडदा?"

"बर्फाची तिरीप लागलीय."

गिंदो मात्र हसली नाही. तिने झबरूच्या मानेत हात घातला. "चाचा, त्या दिवशी बिबट्याला बकरी दिसली म्हणून बरं. हा दिसला असता तर? याला तर तो आलेलाही कळला नाही."

चाचाने झबरूच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती घोंगडीच्या घडीसारखी तशीच उभी राहिली.

"बारा," तो म्हणाला.

त्यांच्यात खाली राहणाऱ्या कुत्र्याला बांधत नाहीत. मालक आपल्या हाताने गळ्यातला खिळ्यांचा पट्टा काढतो, अर्धी भाकरी त्याला देतो, अर्धी आपण खातो आणि मागे न बघता निघतो. चाचाने सगळं केलं. धास्ती एकच होती, की झबरू रडत मागून येईल आणि सगळ्यांसमोर आपलीच शोभा होईल.

झबरू आलाच नाही. गावातच राहणाऱ्या गिंदोच्या दारात उन्हाला पसरला, तो कळप शेजारून गेला तरी उठला नाही. चाचाने रीत मोडून तीनदा वळून पाहिलं.

"बघा, मान तरी वर करतोय का हरामखोर! माझ्या भाकरीवर पोसला!" चढण संपेपर्यंत तो शिव्या घालत होता. भिखम पुढे चालत राहिला. त्याने वळून पाहिलं नाही.

पहिल्या मुक्कामाला मागून दुसरा कळप आला. चाचाने उगाच त्यांच्या मेंढ्यांची चौकशी केली, लोकरीची केली, मग विचारलं, "गिंदोच्या दारातला तो म्हातारा... उठला का?"

"उठला की! ताकाचं भांडं चाटून पुसून संपवलं, आणि परत झोपला."

चाचाने चूल फुंकली.

"बारा कसले," तो म्हणाला, "तेरा असतील."