सासूबाईंची गाठ आणि आंबेमोहराचं बी

सासूबाईंच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती. गेली दहा वर्षं तिच्यावर पदर ओढून त्या शेतात राबत होत्या. मीच मागे लागून तपासणी करून घेतली. शनिवारी रिपोर्ट आला आणि तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा शहाणपणा मी केला. ‘ट्यूमर’ एवढंच त्यांनी ऐकलं. सिनेमात ट्यूमर झालेला माणूस शेवटपर्यंत टिकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“सोमवारी डॉक्टरांना विचारू,” मी म्हणाले.

त्या कसल्या थांबतात. रविवारी मी पौडला बाजाराला गेले, तेवढ्यात त्यांनी आंबेमोहराचं सगळं बी त्यांच्या धाकट्या जावेला, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंना, देऊन टाकलं. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी स्वतः निवडून राखलेलं बी, आणि पेरणी तोंडावर.

“मला विचारायचं तरी, आत्या.”

“तुला काय इचारायचं? गेल्या साली तू राखलेल्या बियाला किडं पडलं.”

खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

सोमवारी हिंजवडीच्या गर्दीत दीड तास घालवून दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली.

“आजी, ट्यूमर म्हणजे अंगात वाढलेली गाठ. कॅन्सरची असते, तशी साधीही असते. तुमची चरबीची आहे, साधी.” मग माझ्याकडे वळून, “खालची ओळ वाचली नाहीत?”

वाचली नव्हती.

“म्हंजी मी मरत न्हाई?”

“हिच्यानं तर नाही.”

परतताना सासूबाईंचा चेहरा पडलेलाच. “आता बी कसं मागू? दिलेलं मागत न्हाईत.”

“मी मागते.”

“तू गप बस.”

घरी न जाता त्या थेट जावेच्या दारात. चुलत सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“आक्का, बी कालच रोपासाठी राबात पेरलं. आता काय माती चाळू? रोप झालं की निम्मं ने. पर उपटायला तूच यायचं. मरायचं काय ते नंतर बग.”

महिन्याभराने दोघी जावा चिखलात वाकून रोपं उपटत होत्या. सासूबाईंचा पदर कमरेला खोचलेला, गाठ उघडी.

दिवाळीनंतर भात झोडल्यावर त्यांनी सूप माझ्यापुढे सरकवलं.

“यंदा बी तू निवड. मी हितं बसून बगते.”

संध्याकाळपर्यंत बसल्या. माझं अर्धं सूप त्यांनी परत निवडायला लावलं.