वळणावरचे लाल दिवे

गॅलरीत गळतंय म्हणून परवा माळ्यावरची जुनी ताडपत्री काढली. घडी उलगडली तसा डिझेलचा आणि कुबट ओलीचा वास आला, आणि मी थेट कोळवणच्या पावसात, श्रीकांतच्या जीपमध्ये जाऊन बसले.

श्रीकांत म्हणजे माझा नवरा. त्याच्या जीपवाल्यांच्या क्लबचा एक नियम होता. वळण घेतलं की थांबायचं आणि मागच्या गाडीचे दिवे आरशात दिसले की मगच निघायचं. त्या शनिवारी आमची जीप सगळ्यात शेवटी होती. धुक्यात बॉनेटपुढचं काही दिसत नव्हतं, पण प्रत्येक वळणापलीकडे दोन लाल दिवे आमच्यासाठी थांबलेले असायचे.

"आपण कोणासाठी थांबायचं?" मी विचारलं.

"कोणासाठीच नाही. आपलीच वाट बघतात सगळे," तो म्हणाला.

ज्यांच्या माळावर तंबू ठोकायचे होते ते मामा छत्री धरून उभे होते. "आलं का समदे? मागं कुनी ऱ्हायलं न्हाई ना?"

"नाही मामा, आम्हीच शेवटचे."

चांगल्या जागा गेलेल्या, चहा संपलेला. आमच्या तंबूखालून पाणी वाहत होतं आणि मी श्रीकांतवर दोन दिवस धुसफुसत होते.

आता तो नाही. गाडी मीच चालवते. पाऊस असला की वळणानंतर पाय आपोआप ब्रेकवर जातो. पुढे रस्ता रिकामा असतो. मागे दिवे दिसतात, पण ते हॉर्न मारत असतात.