बारावी टोपी

आमचे हे, मुरोई, अडतीस वर्षं डोंगरातल्या दोन डब्यांच्या गाडीवर गार्ड होते. आपल्या हातून गाडीला कधी मिनिटाचाही उशीर झाला नाही, हे जेवतानाही सांगायचे. निवृत्तीनंतर ते हौशी मंडळींना जुन्या राजरस्त्याने घाट चढवून आमच्या कुरानोसे गावात आणत, जुन्या सराया दाखवत आणि परतीच्या गाडीत बसवून देत. बसवण्याआधी एकेकाकडे बोट करून मोठ्याने मोजत. नोकरीतली सवय. तरुण चालकही मान म्हणून त्यांचा हात वर होईपर्यंत गाडी हलवत नसे.

फलाटावर आम्ही गावच्या बायका हात हलवून निरोप देतो. त्या दिवशी पाहुणे बारा होते. मीही त्यांच्यासारखीच गवती टोपी घालून त्यांच्या कडेला उभी होते.

"नऊ, दहा, अकरा..." बोट माझ्यावर येऊन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"बारा! ठीक!" मंडळी चढली. हात वर गेला.

मी हात हलवत राहिले.

गाडी बोगद्यात शिरली आणि फाटकाशी घंटी किणकिणली. अस्वलं लांब राहावीत म्हणून घाटात सगळेच कमरेला बांधतात, तसली. पाहुण्यांतल्या नागुमोबाई धापा टाकत आल्या. वय एकोणऐंशी. आल्या आल्या कमरेत वाकल्या.

"माफ करा हो. मी मागे पडले. माझ्यामुळे तुमची मोजणी चुकली."

हे म्हणाले, "पुढच्या वेळी जरा वेळेवर या."

पुढची गाडी सव्वादोन तासांनी. माझ्या स्वयंपाकघरात बसून बाई चहा पीत म्हणाल्या, "सून म्हणतेच, आई, आता घरी बसा. खरंच आहे तिचं. माझ्यासारखीला कोण मोजतंय!" मी त्यांना लोणचं वाढलं.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "मी दिसले होते ना तुम्हाला?"

"दिसलीस."

"मग?"

"तू का नाही बोललीस?"

दोघांनीही भात तसाच ठेवला.

चार दिवसांनी टपालाने खोका आला. आत चेस्टनटची मिठाई, माफीची चिठ्ठी आणि ती घंटी. "मी आता चालणं सोडलं. कुणा नव्या माणसाला द्या." हे ती चिठ्ठी तीनदा वाचून परसात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

रविवारी आम्ही मिठाई आणि घंटी घेऊन त्यांच्या दारी गेलो. दार सुनेनं उघडलं. बाई मागून आल्या. हे आधी हवेबद्दल बोलले, मग गाडीच्या नव्या वेळांबद्दल. मी कोपरानं ढोसलं.

"अकराच होते," हे जमिनीकडे बघत म्हणाले. "मला ठाऊक होतं. बारावी ही होती, माझी बायको."

"मलाही ठाऊक होतं," मी म्हणाले.

सून आमच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेपेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

शेवटी बाईंनी विचारलं, "गाडी वेळेवर सुटली ना?"

"सुटली."

"झालं तर मग."

त्यांनी ह्यांच्या हातातली घंटी घेतली. मिठाई घेतली नाही. दार लागलं आणि आतून सुनेचा आवाज आला, "आई, आता कुठे निघालात?"

परतीच्या गाडीत खोका ह्यांच्या मांडीवर होता. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. ह्यांनी घड्याळ पाहिलं नाही.