डोक्यावरचे हात

मुलांनो, तुमच्या मेंदूच्या संशोधनासाठी घरच्यांची संमती कशी घेतात, ते काल तुम्ही फोनवर सांगितलंत, म्हणून हे आजच लिहिते.

आमच्या दारी मासळी विकायला येणाऱ्या बाईमागून तिचा नवरा येतो. जन्मभर बोटीवर राबलेला हा माणूस आता बायकोचं नावही विसरला आहे. विक्री झाली की मात्र न सांगता पुढे होतो आणि टोपली तिच्या डोक्यावर चढवतो.

परवा तो दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं घट्ट धरून उभा होता. काय झालं, म्हणून मी तिला विचारलं.

"काकीनू, डॉक्टर आलेले. हे गेल्यावर ह्यांचा मेंदू द्याल काय, म्हनले. ह्यांच्याच समोर! ह्यांना काय समजत नाय, म्हनले. तेव्हापासून असंच धरून आहेत."

मी हादरले. "अगं, निदान त्यांना बाजूला तरी न्यायचं!"

"बाजूला कशाला? डोकं त्यांचंच ना? मी नाय म्हनून सांगितलं."

संशोधन व्हावं असं मला आजही वाटतं. पण त्यालाच विचारावं, हे डॉक्टरांना सुचलं नाही आणि मलाही नाही.

तिने टोपलीला हात घातला. त्याने आपल्या डोक्यावरचे हात काढले आणि टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. एवढं त्याला अजून येतं.