मीटर वाचणारा

लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचं, त्यासाठी तिला जास्त व्होल्टेज द्यायचं आणि चाचणीत पडलेले गुण इंटरनेटवरच्या एका यादीत चढवायचे, हा दोन हजारच्या दशकात माझा उद्योग होता. त्यातून मिळत काहीच नसे. आई म्हणायची, "चांगलं चालून राह्यलं, त्याला कशाला खोलतू?" तिला उत्तर देणं माझ्या जिवावर येई, कारण खरं उत्तर एकच होतं. मला कुणाच्या तरी पुढं असायचं होतं.

हा नाद मी माझ्या मित्राला लावला. तो इंजिनिअरिंगला माझ्याच वर्गात. घर परतूरला, पण शिकायला नवीन जालन्यात मोठ्या बहिणीकडं राहायचा. ताई शाळेत शिकवायची. लॅपटॉप तिनंच त्याला घेऊन दिलेला, माझ्यासोबत, त्याच दुकानातून, तंतोतंत माझ्याच मॉडेलचा. आमचं मूळ गाव वाटूर. त्याचे आजोबा तिथं आमच्या शेतावर सालगडी होते. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही कधी तोंडातून काढलं नव्हतं.

व्होल्टेज वाढवायची युक्ती सोपी होती. चिपशेजारी मोहरीएवढा एक रेझिस्टर असतो. त्याच्यावर मऊ पेन्सिल घासली की व्होल्टेज चढतं. किती चढलं ते मीटरवर बघायचं. कमी वाटलं तर बंद करून पुन्हा घासायचं. मी त्याला शिकवलं आणि त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला. एप्रिलमध्ये त्या यादीत तो माझ्या पुढं गेला.

मला सांगायला तो धावत आला. "तुझ्यामुळंच झालं," म्हणाला. मनापासून म्हणाला, आणि त्यामुळंच माझं डोकं फिरलं. दुसरा कुणी पुढं गेला असता तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. यानं माझ्या पुढं जायचं नाही, हे मला घरात कुणी शिकवलं नव्हतं. न शिकवता येत होतं.

पंधरा दिवसांवर त्याच्या प्रोजेक्टची परीक्षा होती. कापसाच्या जिनिंग मशीनचा नमुना त्यानं कॉम्प्युटरवर उभा केला होता. परीक्षकासमोर तो पडद्यावर फिरवून दाखवायचा होता. म्हणून मी व्होल्टेज आणखी चढवू म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "आता नको. प्रोजेक्ट झाला की मंग करू."

"भ्यालास व्हय?" मी विचारलं. एवढं पुरलं. माणूस कुठं दुखतो हे मला फार लवकर कळतं. या गुणाचा मी आयुष्यात चांगला उपयोग कधी केला नाही.

दुपारी दोनला लोडशेडिंग संपलं आणि आम्ही जालन्यातल्या आमच्या माडीवर बसलो. लॅपटॉपचा कीबोर्ड काढून ठेवलेला, कूलरचं तोंड बोर्डावर. चाचणी चालू असताना व्होल्टेज मोजायचं म्हणजे दोन माणसं लागत. एकानं मीटरच्या वायरींच्या दोन्ही सुया, म्हणजे प्रोब, बोर्डावरच्या बारीक टोकांवर धरायचे, दुसऱ्यानं आकडा वाचायचा. धरणाऱ्याला मान वर करता येत नाही. प्रोब केसभर सरकला तर बोर्ड गेला. तो धरून बसला. मीटर माझ्या हातात.

"एक पॉइंट पंचवीसच्या वर न्हाई जायचं," त्यानं आधीच बजावलं होतं.

पहिल्यांदा एक पॉइंट अठरा आलं. मी अठराच सांगितलं. त्यानं पुन्हा पेन्सिल घासली. मीटरवर सव्वीस आलं. मी म्हणालो, "वीस." तोंडातून कसं निघून गेलं वगैरे मी म्हणणार नाही. मी ठरवून बोललो. पुढच्या वेळी चौतीस आलं, मी बावीस सांगितलं.

"अजून एक हात मारू?"

"मार."

मग मीटरवर एक पॉइंट त्रेचाळीस आलं. मी म्हणालो, "चोवीस." तो खाली मान घालूनच हसला. मिनिटभरात पडद्यावर हिरवे पट्टे आले आणि पडदा काळा झाला. पंखा तेवढा फिरत राहिला. दहा वेळा चालू करून पाहिलं, काही झालं नाही. पेन्सिल पुसायचं भान कुणालाच राहिलं नाही.

"माझाच हात जास्त चालला आसंल," तो म्हणाला. मी म्हणालो, "होतं कधी कधी." मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मीटर मागून नेला आणि संध्याकाळी आणून टेबलावर ठेवला. "मीटर बराबर हाय तुझा," एवढंच म्हणाला. चिप मेली तरी तिला जाणारं व्होल्टेज मोजता येतं, पेन्सिल तशीच होती आणि आता प्रोब सरकायची भीतीही उरली नव्हती. त्यानं एकट्यानं, मान वर करून मोजलं होतं. त्याला कळलं होतं.

कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचा नमुना फिरत नव्हता. त्याची हार्ड डिस्क माझ्या लॅपटॉपात जशीच्या तशी बसली असती. त्यानं लॅपटॉप मागितला नाही, मी देऊ केला नाही. परीक्षेला तो हातानं काढलेली चित्रं घेऊन उभा राहिला. परीक्षकानं विचारलं, "फिरणारं मशीन कुठंय?" काठावर पास झाला. वर्षभर ज्या नोकरीच्या भरवशावर तो होता, ती गुण कमी पडल्यानं गेली.

नंतर ताईनं मला बोलावून घेतलं. तो खोलीतच होता, कॉटवर बसलेला. तिनं माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली आणि विचारलं, "तू होता ना तिथं? मंग ह्याला सांगितलं न्हाई का, लई झालं म्हणून?"

"सांगितलं ना ताई," मी म्हणालो. "आईकलं न्हाई त्यानं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग ताईकडं वळून म्हणाला, "सांगितल्तं ह्यानं. मीच आईकलं न्हाई."

ती त्याला बोलू लागली. हलकट, दीडशहाणा, मित्र सांगतोय ते तरी ऐकायचं. तो मान खाली घालून सगळं ऐकत होता आणि मी पोहे खात होतो. मला लाज वाटायला हवी होती. मला त्याचा राग आला. माझं खोटं उघडं न पाडण्याचा मोठेपणा हा कोण मला दाखवणार, असा राग. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. तो दोनदा घरी आला, दोन्ही वेळा मी आईला सांगायला लावलं की मी बाहेर गेलोय.