पट्ट्याला पीळ
संत्र्याच्या सालीचा वास हाताला लागला की मला मूर्तिजापूरच्या अलीकडचा तो रस्ता आठवतो. जावई लेकीला आणि मला अमरावतीहून अकोल्याला, जठारपेठेतल्या त्यांच्या घरी नेत होते. गाडीच्या टपावर त्यांचा पॅडलबोर्ड होता, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची लांब फळी, मधोमध दोन सपाट पट्ट्यांनी बांधलेली. गाडीने वेग घेतला तसा टप घूं घूं करायला लागला आणि फळीचं तोंड वर उठू लागलं. मागच्या मोटारसायकलवर एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. आमच्यात सासू जावयाशी तोंडावर बोलत नाही, म्हणून मी लेकीला म्हटलं, “त्याईले सांग, फळी उचलून रायली.” ते हसून तिलाच म्हणाले, “आईले सांग, हवेचा आवाज आहे.” तेवढ्यात फळी टपावर धाडकन आपटली आणि माझ्याच तोंडून निघालं, “जवाईबुवा, गाडी थांबवा!” ते थांबले. चौथीनंतर शाळा सुटली तशी मी शेंदूरजनाघाटला बापासोबत संत्र्याच्या गाड्यांवरचा माल बांधायची. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, त्याला एक पीळ दिला की गप बसतो. मी दोन्ही पट्ट्यांना पीळ देऊन ते आवळले, माझ्या संत्र्याच्या पोत्याची दोरी सोडली आणि फळीचं तोंड गाडीच्या पुढच्या हुकाला बांधलं. अकोल्यापर्यंत संत्री आमच्या पायात लोळत होती, टप मात्र चूप होता. आता मी त्यांच्याकडे असले आणि फळी बांधली की जावई दारात येऊन विचारतात, “आई, पीळ बरोबर आहे काय?” मी पदर सावरते, पट्टा ओढून पाहते आणि त्यांनाच सांगते, “अजून आवळा, जवाईबुवा.”