आत्या आणि आखाडातली शेळी

आत्यांच्या खानावळीत ताटात मटणाचा तुकडा टाकून कुणाला उठता येत नसे. हातात पळी घेऊन त्या पंगतीच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता ताटाकडे बघायच्या. एकदा एक मोठे ठेकेदार चार माणसं घेऊन आले होते. त्यांनी अर्धी वाटी तशीच सोडली आणि हात धुवायला उठले. आत्या म्हणाल्या, "सायेब, बसा. तेवढं संपवा."

ते हसून म्हणाले, "पैसे दिलेत की, आत्या."

"पैसे मला दिलेत. त्याला काय दिलंत? त्याचा जीव गेलाय, ताटात ठेवायला न्हाय गेला."

ठेकेदार खाली बसले नाहीत. आत्यांनी पैसे परत केले आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. माझे हात थांबले. मी नुकतीच लग्न होऊन केम गावाहून आलेली. घरात चार माणसं जमली तरी मला बोलायला सुचायचं नाही, आणि ही बाई भरल्या पंगतीत एका बड्या माणसाला असं बोलते, हे मला खरंच वाटेना.

त्या माझ्या मालकांच्या सख्ख्या आत्या. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे थोडं अंगण, तीच खानावळ. कापडाच्या दुकानातली पोरं, हमाल, बँकेचे शिपाई असं गिऱ्हाईक. आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात पाळीला जायचे आणि मी आत्यांकडे भाकरीला. एकोणीस वर्षं मी तिथं भाकऱ्या केल्या. येसर, म्हणजे रश्श्याचा मसाला, मात्र त्या स्वतः भाजायच्या. त्यात मला कधी हात लावू दिला नाही.

शेळ्या-बोकडांची पारख त्यांच्यासारखी मी कुणाची पाहिली नाही. दात बघून वय सांगायच्या. पाठीवरून हात फिरवून मांस किती पडेल ते सांगायच्या. बोकड आणला की रात्रभर अंगणात बांधायचा, पाला घालायचा, पाणी दाखवायचं. "भ्यालेलं जनावर कापू नये, घटकाभर आपल्या दारात निवांत उभं राहू द्यावं," असं म्हणायच्या. कापायला मुलाणी चाचा यायचे. ते काम चालू असताना आत्या आत येत नसत. मला सांगायच्या, "शिजवायचं तर बगायचं बी. डोळे झाकून खानारा मला आवडत न्हाय." मी मात्र आत जायचे.

माझ्या नणंदेची मुलगी शेतकी कॉलेजात होती. ती सुट्टीत आली की दोघींची जुंपायची. ती म्हणायची, "आज्जी, मटणाला किती पाणी लागतं माहितीये? इथं नळ चार दिवसांनी येतो."

"शेळी काय तुज्या नळाचं पानी पिती? माळावर बाभळीचा पाला खाती. तितं तुजा कांदा उगवून दाव की."

"माळावर कुठं असतात आता शेळ्या? शेड बांधून ठेवतात. मका घालतात, पेंड घालतात. तो मका पाण्यावरच येतो ना?"

यावर आत्यांनी परातीतला कांदा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "हे मातर खरं हाय. शेडातल्या बोकडाला वासच येत न्हाय बाभळीचा." आणि त्यानंतर त्या वस्त्यांवरची, रानात चरणारीच जनावरं आणायला लागल्या. मुलगी म्हणाली, मी जे सांगितलं ते हे नव्हतंच. आत्या म्हणाल्या, मला जेवढं जमंल तेवढं मी घेतलं.

तब्येतीचंही तसंच. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, चक्कर येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी मटण पूर्ण बंद सांगितलं. त्याच महिन्यात माझ्या थोरलीच्या वेळच्या बाळंतपणात दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिच्या अंगात रक्त नाही, कलेजी द्या, अंडी द्या. आत्या दोन्ही चिठ्ठ्या हातात धरून बसल्या होत्या. "एक म्हनतो खाशील तर मरशील, एक म्हनती न्हाय खाल्लं तर मरंल. लोक मलाच इचारतात, आत्या, मटन चांगलं का वाईट." पण पथ्य त्यांनी पाळलं. चार वर्षं रश्श्याचा थेंब जिभेवर ठेवून मीठ बघायच्या, बाकी काही नाही. स्वतः ताक-भाकरी.

आता ज्या रविवारासाठी मी हे लिहायला घेतलं तो सांगते.

आखाडातला शेवटचा रविवार. पुढे श्रावण लागणार म्हणून सगळं सोलापूर त्या दिवशी मटण खातं. आत्यांकडे चाळीस ताटं आधीच सांगितलेली. शुक्रवारी त्यांचा गुडघा सुजला, पाय खाली टेकवेना. म्हणाल्या, "औंदा तू जा." मी नाही म्हणू शकले नाही. शनिवारी टेंपोवाल्याबरोबर मोहोळच्या पुढे एका वस्तीवर गेले. बोकड सगळे आधीच विकले गेले होते. तिथल्या एका म्हातारीनं एक शेळी दाखवली. म्हणाली, "भाकड हाय, बाई. दोन वर्सं गाभण ऱ्हायली न्हाय. म्हनून तर इकते." मी दात बघायचं नाटक केलं आणि मान हलवली.

येताना मी मागे शेळीपाशी बसले. गाडीच्या धक्क्यानं ती माझ्या मांडीला टेकली होती. मोहोळ सोडल्यावर तिच्या कुशीत काहीतरी हललं. मी हात ठेवला. थोड्या वेळानं परत हललं. मी दोन मुलांची आई आहे.

पण मी मनाला म्हटलं, पोटात वारा असेल. म्हटलं, घरी आत्या बघतीलच की, त्यांच्या हातातून काय सुटतं. घरी आल्यावर शेळी अंगणात बांधली. संध्याकाळी आत्या भिंतीला धरून बाहेर आल्या, शेळीपाशी थोडा वेळ बसल्या. मी तेव्हा नळावर होते. परत आले तर त्या येसर भाजायला बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

रविवारी सकाळी चाचा आले. त्यांना त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी विचारलं, "शेली है? देखके लाए ना, आत्या?" आत्या म्हणाल्या, "व्हय, देखके लाए." मी आत भाकरीचं पीठ मळत होते. बराच वेळ बाहेरून काही आवाज येईना. मग चाचा म्हणाले, "आत्या, इधर आव."

मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर गेले. चाचांनी सुरी बाजूला ठेवली होती. दोन पिल्लं होती. पाय पोटाशी घेतलेली, खुरं पांढरी आणि अजून मऊ. एकाच्या कपाळावर शेळीसारखाच ठिपका होता. चाचांचा आवाज बसला होता. "मेरेकू बोलना था ना, आत्या. मैं हात नई लगाता था." आत्यांनी आपल्या धुतलेल्या लुगड्याचा पदर फाडला, आणि त्यात गुंडाळून चाचांनी ती पिल्लं अंगणातल्या लिंबाखाली पुरली. मजुरी न घेता ते निघून गेले. पुढचे तीन कार्यक्रमही त्यांनी रद्द केले असं नंतर कळलं.

मला वाटलं, आता चूल विझणार. चाळीस माणसांना निरोप जाणार. पण आत्यांनी पातेलं चढवलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणाल्या, "बगतीस काय? कांदा चीर. ती गेली. आता तिला फेकून दिली तर ते दुसरं पाप."

दुपारी पंगत बसली. ताटं वाढली आणि आत्या पळी घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कुनी हात लावायच्या आदी ऐका. आजची शेळी गाभण निगाली. दोन पिल्लं हुती. चूक माज्या घरची हाय. ज्याला खायचं न्हाय त्यानं उठावं, पैसे घेऊन जावं."

बँकेतला एक शिपाई, नेहमी चेष्टा करणारा, म्हणाला, "आत्या, न सांगता वाढलं असतं तर आमाला काय कळणार हुतं?"

"तुला न्हाय कळलं असतं," आत्या म्हणाल्या. "ऊठ न्हायतर बस."

तो उठला. एकेक करून बहुतेक सगळे उठले. सात-आठजण खाली मान घालून बसून राहिले. मग आत्यांनी स्वतःला ताट वाढून घेतलं, सुजलेला पाय लांब केला आणि जेवायला बसल्या. चार वर्षं मटणाला न शिवलेली बाई. दोन वाट्या खाल्ल्या, हाडं चोखून कोरडी केली. डोळ्याला पाणी नव्हतं. मला म्हणाल्या, "तू बी बस." मी नळापाशी जाऊन ओकले. त्या दिवसापासून मी मटण खाल्लेलं नाही. उरलेलं त्यांनी गल्लीत सांगून वाटलं. काहींनी घेतलं, काहींनी दारं लावली.

नणंदेच्या मुलीला कळलं तेव्हा ती फोनवर रडली. म्हणाली, "आज्जी, आता तरी बंद कर." आत्या म्हणाल्या, "बंद केल्यानं ती परत येती का? मी बंद केलं तर हे लोक दुसरीकडं जातील, जितं कुनी पोट बगत न्हाय." अर्धं गिऱ्हाईक तुटलं. गल्लीत पाठीमागे नको ते बोललं जाई. त्या मात्र काठी टेकत दर आठवड्याला वस्त्यांवर जायच्या आणि प्रत्येक जनावराच्या कुशीवर हात ठेवून डोळे मिटून उभ्या राहायच्या. मी बरोबर असायचे. मला वाटायचं, हे मला दाखवायला चाललंय. त्यांना कळलंय की मला ठाऊक होतं. सहा वर्षं मी ते पोटात ठेवलं. बरोबर काय, खावं की खाऊ नये, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. मी कुणाला खाऊ नका म्हणत नाही. मला फक्त एवढं ठाऊक होतं की त्या शेळीला मी वाचवू शकत होते, एक वाक्य बोलून.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. दुपारी मी त्यांना ज्वारीच्या कण्या भरवत होते. तेव्हा मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. मी म्हटलं, "आत्या, ती आखाडातली शेळी. टेंपोत तिच्या पोटात हललं होतं. मला कळलं होतं. तुमी बघाल म्हणून मी बोलले नाही."

मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंच वाटत होतं.

"मी बी हात फिरवला हुता," त्या म्हणाल्या. "तू नळावर हुतीस तवा. हाताला लागलं हुतं."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. चाळीस ताटं सांगितलेली. आन तू तिला मांडीशी घेऊन आलेलीस. म्हटलं, लेकुरवाळी बाई हाय, काय असतं तर बोलली असती की. तू न्हाय बोललीस. म्हटलं, मलाच भास झाला असंल."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. सहा वर्षं एका चुलीपाशी बसून आम्ही दोघी हेच गिळत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण एकटीच. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

आत्यांनी माझ्या मनगटाला बोट लावलं.

"भरव की," त्या म्हणाल्या. "निवतंय."